तिसऱ्या हाकेला ओ

सुगंधाबाईच्या घरात पहिल्या हाकेला कोणी ओ देत नसे. दारातून कोणी "भिकन!" म्हणून ओरडलं, तरी भिकनने गप्प बसायचं. दुसऱ्यांदा ओरडलं तरी गप्पच. तिसऱ्यांदा नाव घेतलं की मग "हां, कोन शे?" म्हणायचं. कारण साधं होतं. भूत दोनदाच हाक मारतं. तिसरी मारायची ताकद त्याच्यात नसते. पाहुणे वैतागत. पोस्टमन तर ओट्यावर उभा राहून सरकारलाच शिव्या देई. सुगंधाबाईला त्याचं काही नव्हतं.

"बठ्ठा गाव पहिली हाकले धावस," ती म्हणायची, "म्हनीसन तं गावमा इतला येडा शेतस."

बोलायचा तिला अधिकारही होता. भिकनच्या आधीची दोन लेकरं तिच्या पाळण्यातून गेली होती. हा तिसरा देवाकडे पदर पसरून, भीक मागून मिळवलेला, म्हणून नावच भिकन. बाशिंग बांधून झालं, घरात सून आली, तरी तो उन्हात निघाला की माय मागून ओरडायचीच, "डोकावर टावेल घे रे!"

चोपड्याच्या अलीकडे त्यांची केळी होती. भिकन शेत बघायचा, पण त्याचा जीव तारांत. माळवदावरच्या खोलीत सदा डाक देतानाच्या राळेचा धूर. मुंबईहून व्ही.पी.ने पुड्या यायच्या, त्यातून मुंगीएवढे, माशीएवढे तुकडे निघायचे. एकदा चाळीस पायांचा काळा किडा निघाला. सुगंधाबाईने चप्पल उचलली.

"मारू नको माय, चिप शे ती!" भिकन ओरडला. "तिच्यात लिहून ठेवलं, की ती तसंच करते. जन्मभर."

"म्हणजे तुझ्या बायकोपेक्षा बरी," सुगंधाबाई म्हणाली आणि चप्पल खाली ठेवली. चुलीपाशी पुष्पा, सून, पदरात हसली.

त्या किड्यापासून भिकनने बिनतारी घंटा केली. दोन साबणदाण्या आणल्या. गुलाबी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगली, सायकलची तार तिला एरियल म्हणून लावली. हिरवी घरात, देवळीत. बाप तोताराम दिवसभर विहिरीवर असायचा. लाईट कधी येई, कधी जाई, मोटार कधी जळे, आणि निरोप द्यायला माणूस नाही. आता म्हाताऱ्याने गुलाबी डबीचं बटण दाबलं की घरातली हिरवी डबी वाजायची. घरच्यांनी तिच्यावरचं बटण दाबायचं, की विहिरीवर लाल दिवा लागायचा. म्हणजे ओ दिली.

पहिल्या दिवशी डबी एकदा वाजली आणि पुष्पाने लगेच बटण दाबलं. सुगंधाबाईने तिचा हात झटकला.

"पहिली हाकले ओ देस? कोन शे, काय शे, तुले दिसस का तठे?"

"अहो आत्या, मामंजीच आहेत ना!"

"सांगाले कोन ऊनं तुले?"

तीन दिवस ती डबीशी बोलली नाही आणि भिकनशीही नाही. शेवटी भिकन चिप घेऊन धुळ्याला गेला. चिपमध्ये लिहायचं यंत्र त्याच्या मित्राकडे, हिलालच्या रेडिओच्या दुकानात होतं. परत आला तो हसतच.

"घे माय. आता बटण एकदा दाबलं की आपोआप तीनदा वाजेल. दोन नाही, चार नाही. तुझा नियम चिपमध्ये लिहिला."

सुगंधाबाईने ऐकलं. टुंई. टुंई. टुंई. तिसरी झाल्यावर तिने स्वतः बोट पुढे केलं आणि ओ दिली. त्या दिवसापासून डबी घरातली झाली. देवाला हळदकुंकू वाहिलं की एक बोट हिरव्या डबीलाही लागायचं.

तोतारामला तिचं फारसं काम पडलं नाही. माणूसच तसा. भूक लागली तर हाक मारायचा नाही. घरी येऊन ओट्यावर मुकाट बसायचा, वाढलं तर खायचा. सुगंधाबाई एवढी बोलायची, की त्याच्या वाट्याला बोलणं उरलंच नव्हतं. डबी त्याने वाजवली ती कामाला. बैल चिखलात रुतला तेव्हा. केळीला आग लागली तेव्हा. पोळ्यानंतर एका दुपारी विहिरीवरच तो आडवा झाला, तेव्हा मात्र डबी वाजली नाही. बटणापर्यंत हात गेला नसावा.

तेरावं झालं. गव्हाचं शेत नांगरलं गेलं. आणि मग एका भर दुपारी, पंगत बसलेली, घरातलं एकूण एक माणूस डोळ्यांसमोर, आणि देवळीत डबी वाजली.

टुंई. टुंई.

सगळ्यांचे घास हातात राहिले. तिसरी कधी येते म्हणून सगळे थांबले. ती आलीच नाही.

"सेल उतरले असतील," भिकन म्हणाला. जाऊन त्याने सेल बदलले. मोटारीच्या खोलीला कुलूप होतं, ते तसंच होतं. थोड्या दिवसांनी परत. दुपारीच. दोनदाच. भिकनने डबी उघडली, राळेचा धूर केला, डाक नव्याने दिली, वरून ट्रकवाल्यांच्या वायरलेसवर खापर फोडलं. पण रात्री पुष्पाला म्हणाला, "तीनच्या खाली ती वाजूच शकत नाही गं. मी लिहिलंय."

सुगंधाबाईने घरात दवंडी दिली. दोन वाजल्या तर कोणी हात लावायचा नाही. ती स्वतः तर मान वर करत नसे. डबी वाजली की ती भाकरीवर हात जास्त जोरात थापायची, एवढंच.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय तृतीया. तोतारामची पहिली आखाजी. गेलेल्यासाठी मातीची नवी घागर भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, सांजोऱ्या ठेवायच्या, आणि दुपारी लेकाने निखाऱ्यावर घास टाकून बापाचं नाव घ्यायचं. लेकाने घास टाकल्याशिवाय कोणी जेवायचं नाही. घर भरलं होतं. दीर रुपचंद धरणगावहून दोन्ही पोरांसह आला होता. निंबाखाली झोके चालले होते, मुली गात होत्या. आमरसाचं पातेलं झाकून ठेवलेलं. आणि भिकन नव्हता.

"लाईट आली म्हणून केळीला पाणी द्यायला गेले," पुष्पा म्हणाली. "घासाच्या आत येतो म्हणाले."

"बाप घागरवर बशेल शे, आन् हाऊ केयले पाणी पाजस!" सुगंधाबाईने निखारे फुंकले. राख तिच्याच डोळ्यांत गेली.

ऊन माथ्यावर आलं. झोक्यावरचं गाणं थांबलं. निखाऱ्यांवर राख चढायला लागली. आणि देवळीत डबी वाजली.

टुंई. टुंई.

पुष्पा धावली. सुगंधाबाई आडवी झाली.

"आत्या, ते आहेत विहिरीवर! आज आहेत ना!"

"त्यानं दाबं तं तीन वाजती. त्यानंच लिखेल शे." सुगंधाबाईचा आवाज शांत होता. "हाऊ तुना सासरा शे. घास मांगी राहिना."

रुपचंद पाटावरून म्हणाला, "वहिनी, जाऊन बघतो ना मी. त्यात काय?"

"भाऊ, बसा. घागर भरलीय त्याची. भरल्या घागरीला जो ओ देतो त्याला तो संगे नेतो. मला एकच शे." तिने एक बोट वर केलं आणि ते पुष्पाच्या तोंडासमोर धरलं. "एकच."

टुंई. टुंई.

निंबावर होला घुमत होता, तो थांबला. पुष्पा दाराच्या चौकटीला धरून रडायला लागली, आवाज न करता. सुगंधाबाईने घागरीकडे पाहिलं. मातीतून पाणी झिरपून बुडाशी ओल पसरली होती, आणि ती ओल दाराकडे सरकत चालली होती. आत्ताच सारवलेली जमीन. तिचा उतार तर आतल्या बाजूला होता.

घास मागतोय, असं ती म्हणाली होती. पण त्या माणसाने उभ्या जन्मात कधी घास मागितला? उपाशी बसायचा, पण वाढ म्हणायचा नाही. त्याने हाक मारली ती बैल रुतला तेव्हा. केळी पेटली तेव्हा.

टुंई. टुंई.

तिसरी नाही. कुठून येणार? तिसरीची ताकद नसते, हे जगाला तीच तर सांगत आली होती.

सुगंधाबाई उठली. तिने पदर खोचला, देवळीत हात घातला आणि हिरव्या डबीचं बटण दाबलं. बोटाचं पेर पांढरं होईपर्यंत दाबून धरलं.

"रुपचंद भाऊ, ट्रॅक्टर काढा! कासरा घ्या. बाजेची दोरी सोडा, सगळी. पळा!"

ट्रॉलीत ती स्वतः बसली. वाटेतल्या खड्ड्यांत तिची हाडं वाजली, पण तोंडातून शब्द नाही. दिराने नंतर सांगितलं, वहिनी गप्प बसलेली त्याने त्याच दिवशी पाहिली.

भिकन विहिरीत होता. पाईपच्या बुडाशी असलेल्या फुटव्हॉल्व्हमधला कचरा काढायला उतरला होता, शेवाळावरून पाय सरकला. उजवा हात खांद्यातून निखळला होता. डाव्या हाताने त्याने पाईप कवटाळला होता, आणि पाणी हनुवटीला लागलं होतं. ओरडून ओरडून त्याचा गळा बसला होता. वर आला तो नुसता घरघर आवाज. रुपचंदची पोरं उतरली, काखेतून कासरा घातला, वरून सगळ्यांनी ओढलं. काठावर आल्यावर सुगंधाबाईने त्याला आधी एक चापट मारली आणि मग त्याचं ओलं डोकं मांडीवर घेतलं.

"खाले उतरानं अगोदर बटन कसं दाबं तू?"

भिकनने डोळे उघडले. "कोणतं बटण, माय?"

"डबीनं. दोनदाव वाजनी. किती येळा वाजनी."

भिकनने मान वळवली, आणि सगळ्यांच्या माना त्या बाजूला वळल्या. मोटारीच्या खोलीचं दार उघडं होतं. भिंतीवर खिळा होता. खिळ्याला काही नव्हतं.

"डबी तर धुळ्याला आहे," भिकन म्हणाला. "शिमग्यानंतरच हिलालकडे नेऊन दिली. उघडून टेबलावर ठेवलीय त्याने, चिप काढून. दोनच का वाजते ते बघायला." त्याला धाप लागली. "तुला सांगितलं नाही. म्हटलं, घर डोक्यावर घेशील."

रुपचंदने डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. केळीच्या बागेत पानं सळसळली, वारा नव्हता.

"त्याच्यानंतरही वाजली ती," रुपचंदचा थोरला म्हणाला. "मागे मी आलो होतो, काकू नि मी जेवत होतो तेव्हा—"

"गप," सुगंधाबाई म्हणाली. मग, कोणाकडेच न बघता, "डबी आनू नको आता. त्यासले नही लागत."

घरी येईतो निखारे विझत आले होते. हाडवैद्याने भिकनचा उजवा हात छातीशी बांधला. डाव्या हाताने बापाला घास देतात का? रुपचंद पुढे सरसावला, तर सुगंधाबाईने त्याच्या हातातून सांजोरीचा तुकडा घेतला. बायका घास टाकत नाहीत. नवऱ्याचं नाव तर ती लग्नातल्या उखाण्यानंतर कधी बोललीच नव्हती. पण आज तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही.

तिने फुंकर घातली. निखारा लाल झाला. घास टाकला, त्यावर तूप सोडलं, धूर वर चढला.

"तोताराम," ती म्हणाली. पुष्पाने तोंडावर हात ठेवला.

"तोताराम."

तिसरं नाव तिच्या ओठांवर आलं होतं, ओठ तसे हललेही. मग तिची नजर देवळीकडे गेली. हिरव्या डबीला सकाळचं कुंकू होतं. तिसऱ्या हाकेला ओ द्यावीच लागते, हा नियम तिचाच होता. आणि ती कुठून येईल, हे तिला आता माहीत होतं.

तिने तोंड मिटलं. पाटावर बसलेल्या भिकनच्या डोक्यावरून हात फिरवला.

"वाढ," ती पुष्पाला म्हणाली. "त्यासनं एक पान जास्त वाढ. एकच."