पत्र्यावरचा उजेड

तेओपिस्तानं परातीतल्या गार पाण्यात तोंड बुडवलं आणि पाण्याखाली डोळे उघडायचा प्रयत्न केला. उघडले नाहीत. पापण्यांच्या आत कुणी मूठभर वाळू टाकून वरून मिरची चोळावी तसं झालं होतं. तिनं तोंड वर काढलं, श्वास घेतला, पुन्हा बुडवलं. तिसऱ्या खेपेला तिच्या लक्षात आलं की हे आपण आधी पाहिलंय. स्वतःचं नव्हे, भावाच्या माणसांचं.

नोव्हेंबर लागला की तिचा भाऊ कायीरा टेकडीवर बाजारात विकायचे नाकतोडे धरायला दिवे लावायचा. उभ्या पत्र्यांवर झगझगीत उजेड पडला की अंधारातून नाकतोडे झेपावत, पत्र्यावर आपटत आणि घसरून खालच्या पिंपात पडत. रात्रभर ते काम चाले, आणि सकाळी त्याची माणसं अशीच परातीत तोंडं घालून ओणवी बसलेली असत. ती त्यांना हसायची.

ती भिंत चाचपत खाली बसली. ओलं फडकं डोळ्यांवर दाबून धरलं. काल संध्याकाळी गोदामात सत्तर माणसं तिनं मांडलेला उजेडाचा खेळ बघत दोन तास बसली होती.

फोनवर भावाचा नंबर तिनं बोटांनीच शोधला.

"कायीरा, तो दिवा. वरची काच फुटलेला."

"तो नेलास? तुला सांगितलं होतं, तो घेऊ नको, तो चावतो."

"मला वाटलं, हंगामात द्यायला कुरकुरतोयस."

"कुरकुरत होतोच. पण चावतो ते खरंच होतं. वरची काच फुटली तरी आतली नळी जळत राहते, आणि तो उजेड नाकतोड्यांना फार आवडतो. डोळ्यांना नाही." तो थांबला. "तू बघितलंस त्याच्याकडे?"

"कुणीच नाही बघितलं. मी तो पिंपामागे लपवला होता. सगळे पत्र्याकडे बघत होते."

"अगं, मग पत्रा काय करतो? उजेड परतवतोच ना."

एरवी तो इथे हसला असता. हसला नाही.

"किती दिवस राहतं?"

"एक दिवस, दोन. आमचं उतरतं."

"सगळ्यांचं?"

"आम्ही तरणी माणसं, तेओ. आणि काळे चष्मे घालतो. तुझ्याकडे कोण कोण होतं?"

तिनं फोन ठेवला. सत्तरातलं एकच तोंड तिच्यासमोर उभं होतं, पहिल्या रांगेतलं, मधोमध.

लुबोवा शिंपी. जुळ्यांचा बाप, म्हणून सगळं मसाका गाव त्यांना सालोंगो म्हणायचं. डावा डोळा त्यांनी लहानपणी कॉफीच्या फांदीला दिला होता. उजव्यातला मोतिबिंदू मार्चमध्ये काढला, आणि एप्रिलात त्यांनी सुईत दोरा स्वतः ओवला तेव्हा आळीतल्या बायकांनी आनंदानं आरोळ्या ठोकल्या होत्या. गोदामाच्या खिडक्यांना लावलेला काळा पडदा, चाळीस वार, त्यांनीच शिवून दिला. मग तेओपिस्तानं त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

"इथून तुम्हाला सगळं दिसेल," ती म्हणाली होती.

काळा चष्मा, त्यावर फडकं, आणि त्यावर छत्री, अशी ती घराबाहेर पडली. सकाळच्या उन्हानं तरीही डोळ्यात टाचण्या टोचल्या. रस्ता ती कुंपणाच्या कडेनं, पायांनीच ओळखत चालली. कोपऱ्यावरचा मोटारसायकलवाला तिला पाहून ओरडला.

"तेओताई, तुलाही? आमच्या घरात चौघांचे डोळे आलेत! अख्ख्या गावाला साथ लागलीय. कंपालाहून आलीय म्हणे."

"कंपालाहून?"

"मग काय. साथ तेवढी तिकडून वेळेवर येते." तो हसला. "पण काल काय दिवे लावलेस गं! बायको म्हणाली, तलावाच्या तळाशी बसल्यासारखं वाटत होतं. आता बिचारी पांघरुणात तोंड खुपसून रडतेय. म्हणते, आंधळी झाले. मी म्हटलं, बरं झालं, मी तुला कायमचा देखणा दिसेन."

तेओपिस्तानं तोंड उघडलं. मग म्हणाली, "हो का."

पुढे वीसेक पावलं गेल्यावर तिला कळलं की आपण सुटलोय. साथ आहे. कंपालाहून आलीय. ती स्वतःही त्या साथीत सापडलीय, डोळ्यांवर फडकं बांधून चाललीय, आणि उद्या-परवा सगळ्यांना बरं वाटेल तेव्हा कुणी विचारणारही नाही. एक शब्द न बोलता सुटका झाली होती. तरी ती सालोंगोंच्या घराकडे चालत राहिली.

सालोंगोंच्या ओट्यावर त्यांची बहीण केळी सोलत बसली होती. सगळी आळी तिला आत्याच म्हणायची.

"ये, कलाकार ये," आत्या म्हणाली. "आमच्या भावाला एकच डोळा होता. आता त्याचाही निकाल लागतोय."

तेओपिस्ता रीतीप्रमाणे नमस्काराला गुडघ्यांवर बसली, आणि उठायचं विसरली.

"बसू नको अशी, आत जा. पहाटेपासून कुणाशी बोलत नाहीये. तुझ्याशी बोलेल. काल रात्री घरी आल्यावर तुझंच कौतुक चाललं होतं."

आत खिडकीला गोधडी लावलेली. सालोंगो खाटेच्या कडेला ताठ बसले होते. डोळ्यांवर सुटाच्या कापडाची करडी पट्टी, दोन्ही हात गुडघ्यांवर. बोटं स्वस्थ नव्हती. सदऱ्याची शिवण पुन्हा पुन्हा चाचपत होती.

"कोण?"

"मी, तेओ."

"बाहेर उजाडलंय ना?"

"उजाडलंय."

"बरं." त्यांनी सुस्कारा टाकला. "आत्या म्हणाली होती उजाडलंय, पण ती मला बरं वाटावं म्हणून काहीही बोलते."

ती जमिनीवर चटईवर बसली. दोघांनाही धड काही दिसत नव्हतं. ते एकमेकांच्या आवाजाच्या दिशेला तोंड करून बसले.

"डॉक्टर म्हणाला होता, पुन्हा दुखलं तर समजून जा. काय समजायचं ते बोलला नाही." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त मध्येमध्ये तुटत होता. "तू आलीस ते बरं झालं. भिंतीवर निळं कापड आहे, ते शनिवारच्या नवरीचं. कापून ठेवलंय, शिवायचं राहिलंय. ते बाजारातल्या कुणाकडे तरी दे. मशीन पुतण्याला. कात्र्या मात्र तू घे, कागद कापायला. चांगल्या आहेत."

"सालोंगो."

"आणि पडदा पुन्हा वापर. चाळीस वार आहे."

"सालोंगो, थांबा." ती म्हणाली. "हे डोळे आलेले नाहीत. मी आणलेत."

मग तिनं सांगितलं. दिवा, फुटकी काच, पत्रा. कायीरा चावतो म्हणाला होता तेही. त्या उजेडात पत्रा पाण्यासारखा दिसायचा, दुसऱ्या कुठल्याच दिव्यात तसा दिसला नव्हता, म्हणून तिनं भावाचं ऐकलं नव्हतं, तेही. सांगून झाल्यावर खोलीत फक्त ओट्यावरचा आत्याच्या सुरीचा आवाज राहिला. मग तोही थांबला.

"म्हणजे उतरेल?" सालोंगोंनी विचारलं.

"उद्या-परवापर्यंत. कायीराच्या माणसांचं उतरतं."

"त्यांचे डोळे चिरलेले असतात?"

"नाही."

"मग माझं उतरेल की नाही, हे तुला माहीत नाही."

खोटं बोलणं सोपं होतं. खोटं बोलून त्यांना थोडी झोपही लागली असती.

"नाही," ती म्हणाली. "माहीत नाही."

मग त्यांनी हात पुढे केले. तिला ते दिसले नाहीत; एक बोट तिच्या कपाळाला लागलं तेव्हा कळलं.

"आत्ता सत्तर घरांत माणसं अशी बसलीत," ते म्हणाले. "आणि हे उतरतं, हे एकट्या तुला ठाऊक आहे. फोन लाव."

"मारतील मला." मागच्या वर्षी बसथांब्यावर पेट्रोल चोरणाऱ्याचं लोकांनी काय केलं होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं.

"मारतीलही. लाव. आणि सांग की तू माझ्या घरात आहेस. पळाली नाहीस एवढं तरी लोकांना कळू दे."

तिनं आधी गोदामाच्या व्यवस्थापक नालवोगाबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन बंद केला. मग दवाखान्यातल्या सिस्टरला. तिच्यामागे माणसांचा गलका ऐकू येत होता, एक बाई मोठमोठ्यानं प्रार्थना म्हणत होती.

"आधी का नाही सांगितलंस?" सिस्टर म्हणाली. "मी सगळ्यांना मलम देऊन एकमेकांपासून लांब बसवतेय!" मग सालोंगोंचं ऐकल्यावर आवाज खाली आला. "त्यांचं डॉक्टरच सांगतील. ते गुरुवारी येतात. तोवर अंधार, गार पट्ट्या. चोळू देऊ नको."

गुरुवारला तीन दिवस होते.

त्या दिवशी कुणी आलं नाही. येणाऱ्यांना रस्ताच दिसत नव्हता. तेओपिस्ता पट्ट्या भिजवत, पिळत, ठेवत राहिली, एक त्यांना आणि एक स्वतःला. आत्यानं दोघांच्या हातात वाट्या दिल्या. तेओपिस्ताची जरा आपटूनच दिली, पण दिली. रात्री ती आत्याच्या खोलीत भुईवर पडली. रस्त्यावर मोटारसायकल थांबली की ती उठून बसायची आणि मोटारसायकल पुढे गेली तरी लवकर आडवी व्हायची नाही.

"झोप," अंधारातून आत्या म्हणाली. "मारायला येतील ते दार वाजवून येतील. इथली माणसं रीत सोडत नाहीत."

दुसऱ्या सकाळी तिचे डोळे उघडले. लाल, सुजलेले, पण उघडले. तिनं आधी स्वतःचे हात पाहिले, मग कौलांतून आलेली उन्हाची तिरीप, आणि तिला एवढी लाज वाटली की तिनं पुन्हा डोळे मिटून घेतले. सालोंगो खाटेवर तसेच बसले होते, पट्टी बांधून.

"पट्टी काढून बघू या?" तिनं विचारलं.

"नको," ते घाईनं म्हणाले. मग हळू: "इतक्यात नको."

तिनं पुन्हा विचारलं नाही. त्यांना बघायची भीती वाटत होती आणि तिला त्यांनी बघण्याची.

मग माणसं यायला लागली. ज्यांना दिसू लागलं, ते आधी भांडायला आले. पहिले तिघे जण होते, चर्चच्या गायकवृंदातले, आणि एकाच्या हातात सायकलची साखळी होती. ती भिंतीला टेकून उठली.

"कुठेय ती दिवेवाली?"

"इकडे बस, तेओ," सालोंगो म्हणाले आणि खाटेवर आपल्या शेजारी हात आपटला. ती बसली. त्यांनी चाचपडत तिचं मनगट धरलं आणि पट्टी बांधलेलं तोंड दाराकडे वळवलं. "या. मला दिसत नाहीये, तेव्हा ज्यानं त्यानं आपलं नाव सांगा."

तिघांनी नावं सांगितली. नाव सांगितल्यावर माणसाला लगेच ओरडता येत नाही. साखळीवाल्यानं ती हळूच पाठीमागे धरली.

"सालोंगो, तुमचा डोळा..."

"बघू. तुझ्या आईला आता दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग घरी जा. तिला सांग, उन्हात बसू नको."

दिवसभर तेच चाललं. कुणी शिव्या दिल्या, कुणी रडलं, एका म्हाताऱ्यानं तिच्या तोंडासमोर काठी नाचवली. पण सगळे आधी त्या करड्या पट्टीकडे बघत. ज्याचं सगळ्यात जास्त गेलं तोच तिचं मनगट धरून गप्प बसला होता. मग बाकीच्यांना आपलं बोलणं आवरतं घ्यावं लागे. प्रत्येकाला तिनं तेच सांगितलं: दिवा माझा होता, मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. पहिल्यांदा तिचा आवाज फुटला नव्हता. दहाव्यांदा फुटला. विसाव्या वेळी तिला तो स्वतःचा वाटला.

दुपार कलताना नालवोगाबाई आल्या. त्यांनी दारातूनच बोलायला सुरुवात केली. गोदाम पुन्हा मिळणार नाही, पत्रे आणि दिवे बाहेर आवारात काढून ठेवलेत, आजच्या आज उचला, गोदामाच्या समितीपुढे हजर राहावं लागेल आणि ते माझ्याच हातात असतं तर... मग त्यांचं लक्ष खाटेकडे गेलं. त्या थांबल्या. गुडघ्यांवर बसून त्यांनी सालोंगोंना नमस्कार केला.

"डोळा कसा आहे?"

"गुरुवारी कळेल, बाई."

उठताना तेओपिस्ताला फक्त एवढंच म्हणाल्या, "उजेड सुंदर होता. तेच वाईट आहे." आणि गेल्या.

आत्या मागे चूल पेटवत होती. सालोंगोंनी तिचं मनगट सोडलं, बोटं मोडली आणि घसा साफ केला.

"नालवोगाबाईंचा तो हिरवा गोमेसी झगा कुणी शिवलाय?" ते म्हणाले. "डाव्या खांद्याचं टोक पार खाली आलंय. हे माझं काम नव्हे."

तेओपिस्तानं वळून पाहिलं. पट्टी डोळ्यांवरच होती, मागे गाठ तशीच. फक्त खालची कड नाकापासून बोटभर वर सरकली होती.

तिनं वाकून त्या फटीत पाहिलं.

ओट्यावर पुन्हा पावलं वाजली, या खेपेला बरीच आणि जड. सालोंगोंनी पट्टी ओढून नाकावर आणली, आणि चांगलं दोनदा चुकवून, तिसऱ्यांदा तिचा हात धरला.

"कोण आलंय?" त्यांनी दाराकडे तोंड करून विचारलं.