माझ्या बुडाशी कोरलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये प्रमोदिनीताईंच्या घरी, खिडकीपाशी माझा मुक्काम असतो. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी पुसट झाली असली, तरी माझी सुई अजून सरळ चालते. माणसांबद्दल मात्र मला तसं म्हणवत नाही.

माझी उमेदीची वर्षं गेली ती याच शहरातल्या एका कारखान्यात. युद्ध पेटलं होतं. पुरुष आघाडीवर गेले आणि सैनिकांचे जाड लोकरी कोट शिवायला बायका आल्या. सकाळच्या पाळीत माझ्यावर हेडविग बसायची. ती मला रोज पुसायची, वेळेवर तेल द्यायची, "माझी शहाणी" म्हणायची. मी तिच्यावर जीव टाकत असे.

दुपारच्या पाळीत हलिना यायची. सतरा वर्षांची, पोलंडहून जबरदस्तीने आणलेली. अशा मुलींशी बोलायला इतर बायकांना बंदी होती. तरी हेडविग माझ्या खणात तिच्यासाठी पावाचा तुकडा ठेवून जायची. हलिना त्याच खणात उरल्यासुरल्या दोऱ्याचं फूल करून ठेवायची. एकदा तिने मला आडवं केलं आणि सुईच्या टोकाने माझ्या बुडाशी नाव कोरलं, हलिना, १९४३. "इथून तरी मला कोणी पुसणार नाही," असं ती पुटपुटली.

एका हिवाळ्यात हेडविगने घाईघाईत दोऱ्याचा ताण ढिला ठेवला आणि चाळीस कोटांच्या शिवणी उसवल्या. मुकादमाने विचारलं, "हे काम कोणाचं?"

हेडविगने माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "दुपारच्या मुलीचं."

त्या काळी अशा चुकीला घातपात म्हणत. हलिनाला घेऊन गेले, ती परत आली नाही. तिच्यासाठी ठेवलेला पाव खणात वाळून गेला.

युद्ध संपलं, पुरुष परतले. ज्या बायकांना कारखाना आपला कणा म्हणायचा, त्यांना एका सकाळी घरी जायला सांगितलं. गरज सरो, वैद्य मरो. हेडविगला मिळाला आभाराचा एक कागद आणि मी. "मला फसवलं," म्हणून ती माझ्यावर डोकं टेकून रडली. मला तिची कीव आली आणि रागही आला. पुढे तिने माझ्यावर लेकीचा लग्नाचा झगा शिवला, नव्वदी गाठली, पण हलिनाचं नाव एकदाही काढलं नाही. ती गेल्यावर नातवाने मला फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, प्रमोदिनीताईंना विकलं. "युद्धात माझी आजी हेडविग एकटी ही मशीन चालवायची," असं त्याने छाती फुगवून सांगितलं.

प्रमोदिनीताईंना इथे चाळीस वर्षं झाली, पण खंडेनवमीची अवजारांची पूजा त्या चुकवत नाहीत. यंदा नात अन्वीने पुसायला म्हणून मला आडवं केलं आणि तिला ते नाव दिसलं.

"आजी, वेअर इस्ट हलिना? कोण ही?"

ऐंशी वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं.

प्रमोदिनीताई हसल्या. "अगं, हेडविगचंच माहेरचं नाव असणार. मी नाही का, माहेरची सुरेखा, लग्नात प्रमोदिनी झाले."

"नाइन, नाही आजी. इथे फक्त आडनाव बदलतं. फोरनामे, पहिलं नाव, नाही बदलत."

"पूर्वी बदलत असतील गं. जा, हळद-कुंकू घेऊन ये."

त्यांनी त्या नावावर कुंकू लावलं, तेही किती मायेने. मग शनिवारच्या मराठी शाळेतल्या प्रदर्शनासाठी कार्ड लिहिलं, "कष्टाळू हेडविग, माहेरची हलिना, हिची मशीन." जिने घात केला, तिच्याच नावात त्या पोरीला कायमचं मिसळून टाकलं. ताईंच्या मनात पाप नव्हतं, म्हणून तर मला जास्त लागलं.

मित्रांनो, शनिवारी तुम्ही मला बघायला याल. जुन्या वस्तू जपाव्यात, असं तुम्हाला शिकवतील, आणि ते खरंच आहे. पण मला तेल नसलं तरी चालेल. मोठ्यांना माझं ऐकू येत नाही, तुम्हाला येतं. तेव्हा कार्ड वाचून पुढे जाऊ नका. मला आडवं करा, कुंकू पुसा आणि अन्वीने विचारलं तेच पुन्हा मोठ्याने विचारा. हलिना कोण?