मजेत आहे

माणसाच्या मनाइतकं अथांग, गूढ आणि विराट या विश्वात दुसरं काही नाही. मोठ्या दवाखान्यातले मनाचे डॉक्टर मात्र ते खुर्ची गरम व्हायच्या आत तपासून मोकळे होत.

"काय, कसं काय?" केसपेपरवरून नजर न उचलता ते विचारत.

"मजेत," लिफ्टवाला म्हणे.

डॉक्टर 'सुधारणा आहे' असं लिहीत. त्याच गोळ्या, लांबची तारीख, पुढचा पेशंट.

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याची बायको कपडे लांब-आखूड करून द्यायची, आणि दवाखान्यात नवऱ्यामागे उभी राहून दातओठ खायची. हा मजेत असलेला माणूस रात्र रात्र छताकडे बघत पडतो, पोरीने हाक मारली तर ओ देत नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि आता त्याच्या कामावरच्या जोडीदाराने तिला जिन्यात गाठून खालच्या आवाजात सांगितलं होतं, "वहिनी, काल हा वरच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडून खालच्या काळोखात बघत उभा होता. काम नव्हतं तिथे. मी दंडाला धरून मागे ओढला."

मागच्या वेळी तिने तोंड उघडून पाहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, "बाई, पेशंट कोण? तुम्ही की ते?"

"ते."

"मग त्यांना बोलू द्या."

आणि ते बोलले. "मजेत."

दवाखान्यात जायचं म्हणजे हा गुळगुळीत दाढी करणार, इस्त्रीचा शर्ट घालणार. इस्त्री करणार ती. आपल्याच हातांनी आपण याला बरा करून पाठवतो, या विचाराने तिच्या अंगाचा तिळपापड होई. दीर म्हणाले, "त्याला जरा फिरवून आण." सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." कामावरच्या साहेबांनी उगवत्या सूर्याचं चित्र असलेला चहाचा मग दिला. त्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाची पँट इतकी आखूड केली, की त्याला ती मुलाला द्यावी लागली.

मग तिने आत्याबाईंना फोन लावला.

नवऱ्याची ही आत्या साऱ्या नात्यात 'तोफ' म्हणून प्रसिद्ध होती. पाणीखात्याशी, बँकेशी, वरच्या मजल्यावरच्या नाचाच्या क्लासशी त्या भांडून जिंकल्या होत्या. समारंभात त्यांना स्पीकरजवळ बसवत, म्हणजे दोघांपैकी एकच ऐकू येई. एरवी त्यांना कुणी विचारत नसे.

"आत्याबाई, भांडायला याल का?"

"कुणाशी?"

"डॉक्टरांशी. ह्यांच्यासाठी."

"चष्मा घेऊन येते," आत्याबाई म्हणाल्या.

तारखेच्या दिवशी बायकोने मुद्दाम शर्टाला इस्त्री केली नाही. लिफ्टवाल्याने स्वतः केली. शिवाय बूट पुसले.

दारावरच्या शिपायाने हात आडवा घातला. "पेशंटबरोबर एकच माणूस."

"ही त्याची बायको आहे, मी त्याची आत्या आहे. माणूस म्हणून आम्हाला आजवर कुणी मोजलेलं नाही, तू कशाला सुरुवात करतोस?" असं म्हणत आत्याबाई आत शिरल्यासुद्धा.

खोलीत पंखा कुरकुरत होता आणि वारा येत नव्हता.

"काय, कसं काय?"

"म—" लिफ्टवाल्याने सुरुवात केली.

"तू गप्प बस!" आत्याबाई कडाडल्या. "डॉक्टर, वर बघा. माणूस वर आहे, कागद खाली आहे. याला झोप नाही. जेवण नाही. हा लहानपणापासूनच असा. मार खाऊन यायचा आणि दारात खेळलो म्हणून सांगायचा. शाळेत एकदा चड्डीत झाली तर दिवसभर तसाच बसला, बाईंना त्रास नको म्हणून! आणि आमचा भाऊ, म्हणजे याचा बाप, तो तर..."

आत्याबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. बापावरून आजोबा निघाले. डॉक्टर मध्ये बोलू पाहत होते, शिपाई दारात येऊन ऐकत होता. बायकोने कपाळाला हात लावला. भांडायला माणूस आणला, पण पेशंट पुन्हा मुकाच राहिला होता.

"...आणि याचं दुखणं मी सांगते काय आहे ते—"

"आत्या, बस्स!"

लिफ्टवाला उभा राहिला होता.

"तुला काय माहीत माझं दुखणं? कुणाला माहीत आहे? मी मजेत नाही! दार उघडलं की वाटतं, एक पाऊल टाकलं तर हे सगळं थांबेल. रोज वाटतं. आणि मी लोकांना सांगतो, लिफ्ट सुरू झाली, या आत, घाबरू नका!"

पंखा तेवढा कुरकुरत राहिला. आत्याबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा वाक्य अर्धं सोडलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बसा," ते म्हणाले, "आणि हे पुन्हा सांगा. सावकाश."

खुर्ची त्या दिवशी चांगलीच गरम झाली. गोळ्या बदलल्या. लिफ्टचं काम बंद, रजेचं पत्र. एकटं सोडायचं नाही. दर आठवड्याला यायचं, आणि बोलण्यासाठी वेगळ्या बाई, उद्यापासूनच.

"हे आधी का नाही विचारलंत?" बायकोचा आवाज चिरकला. "हा पडला असता म्हणजे विचारणार होतात?"

"बाहेरची रांग बघितलीत का?"

"बघितली. त्याच रांगेत उभी होते मी. प्रत्येक वेळी. तिथले सगळे मजेतच आहेत का?"

केसपेपर उघडून डॉक्टरांनी 'सुधारणा आहे' ही ओळ खोडली. नंतर मागची. मग त्याच्या मागची.

तिघं उठली. बायकोने नवऱ्याचा हात घट्ट धरला होता. तिच्या मुठीत बाहीची इस्त्री पार चुरगळली.

"आत्याबाई," डॉक्टर मागून हळूच म्हणाले. शिपायाला ऐकू जाऊ नये म्हणून ते जवळ आले. "तळमजल्यावर आमचं ऑफिस आहे. हा पंखा बदलून द्या म्हणून मी कधीचा सांगतोय. जाता जाता जरा बोलाल का?"