वीस तारखेचं चांदणं

"लिहा की, कुसाकाबाई. एक चिठ्ठी तुमचीही," संपादक कोतानी कागदाचा कपटा माझ्यापुढे सरकवत म्हणाले.

"मला उत्तर ठाऊक आहे. मी लिहिलं तर ती लबाडी होईल."

"मग गप बसून सोबा खा."

रविवारची दुपार होती. कांदा नावाच्या पेठेतल्या एका सोबाच्या, म्हणजे शेवयांच्या, दुकानाच्या माडीवर बावीस रहस्यकथालेखक चटयांवर मांडी घालून, गुडघे मोडून, ज्याला जसं जमेल तसं बसले होते. भिंतीशी लेखक ओरिबे सेन्सेईंचा, म्हणजे गुरुजींचा, फोटो होता, पुढे उदबत्ती. त्यांना जाऊन एकोणपन्नास दिवस झाले होते. या मंडळींची रीतच आहे: सभासद गेला की एकोणपन्नासाव्या दिवशी त्याचं न छापलेलं लिखाण मोठ्याने वाचायचं, खुनी उघड होण्याच्या एक पान आधी थांबायचं आणि प्रत्येकाने चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहायचं. जिंकेल त्याला नोरीचा, वाळवलेल्या समुद्रशेवाळाचा, डबा. गेलेला माणूस तिकडून बघत असतो म्हणे, कोण कसा फसतोय ते. जन्मभर कागदावर मुडदे पाडणाऱ्या माणसांकडून दुसऱ्या कसल्या श्राद्धाची अपेक्षा करणार?

मी लेखक नाही. प्रकाशनाच्या तपासणी खोलीत एकतीस वर्षं बसले आहे. बाराची गाडी त्या स्टेशनावर खरंच थांबते का, मार्चमध्ये ते फूल फुलतं का, डाव्या हाताला लागलेली गोळी पुढच्या प्रकरणात उजव्या हातात कशी गेली, हे बघणं माझं काम. सेन्सेईंची चोवीस पुस्तकं माझ्या शिसपेन्सिलीखालून गेली. प्रत्यक्ष भेट मात्र तीनदाच, त्यातली एक लिफ्टमध्ये. पण समासात आम्ही रोज बोलायचो. "या घराला मागचं दार आहे का?" मी विचारायचे. "आत्ता केलं. आभार," ते लाल शाईत लिहायचे.

आमच्या खोलीत एकच नियम आहे. तपासणाऱ्याने फक्त प्रश्न विचारायचा. उत्तर लेखकाचं. हा नियम मी सात नव्या मुलींना शिकवला आणि मोडला मीच.

सेन्सेईंची शेवटची कादंबरी एका बेटावर घडते. बारा ऑक्टोबरला रात्री आठ वाजता धक्क्यावर म्हाताऱ्या मास्तरांचा खून होतो. कामादा नावाचा न्हावी माडीच्या खिडकीतून चांदण्यात खुन्याचा चेहरा बघतो. ती असते तोमी, मासे साफ करणारी विधवा. पुस्तकभर संशय भलत्याच लोकांवर फिरतो, न्हाव्याचं कुणी मनावर घेत नाही आणि शेवटी गुप्तहेर तोमीपाशीच येऊन थांबतो. तोमी शेवटपर्यंत एक अवाक्षरही काढत नाही.

पहिल्या प्रुफात मला दिसलं की बारा तारखेला मंगळवार येतो आणि दुसऱ्याच प्रकरणात लिहिलंय की मंगळवारी बेटाची बोट बंद. मग मास्तर आले कसे? सेन्सेई तेव्हा इस्पितळात होते. त्यांना त्रास नको म्हणून मी समासात लिहिलं, "खून वीस तारखेला करावा." प्रश्नचिन्ह न टाकता. उलट टपाली वेडीवाकडी लाल अक्षरं आली: "ठीक. तुमच्यावर सोडतो." एकतीस वर्षांत त्यांनी असं कधी लिहिलं नव्हतं. मी ते वाचून सुखावले, हे कबूल करते. नऊ दिवसांनी ते गेले.

शेवटचं प्रुफ हातात आलं तेव्हा 'चांदणं' या शब्दापाशी माझी पेन्सिल थांबली. बारा तारखेला चंद्र जवळजवळ पुरा होता. ते मी आधीच तपासलं होतं आणि त्या शब्दावर बारीकसं वर्तुळ काढलं होतं. वर्तुळ म्हणजे झालं, पुन्हा बघायचं नाही. वीस तारखेला मात्र चंद्र उगवतो रात्री अकराच्या सुमाराला. आठ वाजता धक्क्यावर मिट्ट काळोख. म्हणजे कामादाला कुणाचाही चेहरा दिसणं शक्य नव्हतं. म्हणजे तो खोटं बोलत होता. म्हणजे तोमीने खून केलाच नव्हता आणि माझ्या हातून ती तुरुंगात धाडली गेली होती.

तेव्हापासून तोमी माझ्याकडे यायला लागली. हसू नका, मी हिशेबी बाई आहे. भर दिवसा, डबा खाऊन झाला की समोरच्या स्टुलावर ती बसलेली असायची. बाह्या दुमडलेल्या, हातांना खवले चिकटलेले. बोलायची नाही. तिला बोलायला सेन्सेईंनी वाक्यच दिलं नव्हतं. मी तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. लेखक गेलेला, उत्तर द्यायला कुणी उरलेलं नाही आणि छपाई मंगळवारी.

"चला, उघडा चिठ्ठ्या!" मंडळाच्या चिटणीसांनी टाळी वाजवली.

नऊ जणांनी तोमी लिहिलं होतं, सहा जणांनी पुजारी, बाकीच्यांनी डॉक्टर. फक्त एका चिठ्ठीवर 'कामादा' होतं.

"न्हावी? हे कुणाचं डोकं?"

"माझं," कोपऱ्यातून उएकिबाई म्हणाल्या. वय चौऱ्याऐंशी, काठी बाजूला, दात पिशवीत. "वीस तारखेला आठ वाजता चंद्र कुठला रे? पंचांग काढून बघा. मेला खोटारडा आहे."

चिटणीसांनी उत्तराचं प्रकरण वाचलं. तोमी. सगळे उएकिबाईंना हसले. बाई मात्र हलल्या नाहीत.

"हसताय काय, गाढवांनो! गुप्तहेर चुकलाय. ओरिबेनं स्वतःच्याच गुप्तहेराला फसवलंय. मरता मरता उत्तराच्या खाली दुसरं उत्तर पुरून गेलाय."

माडी दणाणली. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. कुणी फोटोपुढे साकेचा पेला ठेवला, कुणी म्हणालं, "साल्यानं शेवटी आम्हाला गारद केलं!" दोघं चक्क रडत होते.

फोटोशेजारी सेन्सेईंची मुलगी बसली होती, मिसुझु. पन्नाशीची, परिचारिका. सकाळपासून ती पाहुण्यासारखी बसून होती. आता तिचा चेहरा उजळला. "इस्पितळात माझ्याशी दोन शब्द बोलले नाहीत हो," ती उएकिबाईंना सांगत होती. "सारखं छताकडे बघायचे. मला वाटायचं, माझ्यावर रागावलेत. म्हणजे ते याचा विचार करत होते."

कोतानींनी माझी बाही ओढली. आमच्या खात्यात काय चालतं ते त्यांना बरोबर कळतं. "तुम्ही पांढऱ्या पडलात. ही तारीख तुमची ना?"

"हो."

"मग तोंड उघडू नका. मुखपृष्ठावरच्या जाहिरातीच्या पट्टीवर छापतो: ओरिबेंचा शेवटचा डाव. कुणाचं काय बिघडतंय? त्यांचं नाव होतंय, तुमची चूक झाकली जातेय."

बिघडत काहीच नव्हतं, हेच वाईट होतं. मी फोटोकडे पाहिलं. लोक ज्याला पेले चढवत होते ते सेन्सेई नव्हते, माझा गलथानपणा होता. ज्या माणसाने मागच्या दारासाठीसुद्धा माझे आभार मानले, त्याच्या नावावर मी त्याने न केलेली गोष्ट खपवणार होते. मी उठून उभी राहिले.

"माफ करा. तो डाव नाही. ती माझी चूक आहे." आणि मी सगळं सांगितलं. वर्तुळसुद्धा.

पेले खाली आले. कुणी रागावलं नाही, तेच जास्त लागलं. शेवटी उएकिबाई म्हणाल्या, "अगं, थोडी थांबली असतीस तर नोरीचा डबा तरी मिळाला असता मला." थोडं हसू उमटलं. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "तारीख परत बारा कर. बेट त्याचं, बोट त्याची. बोटीची सुट्टी बुधवारी केलीस की झालं. एका शब्दाचं काम."

एका शब्दाचं. मला ते सुचलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर सेन्सेईंनी इस्पितळातूनही तेच लिहिलं असतं.

मिसुझु पाण्याचा पेला हातात धरून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी मी मंगळवार खोडून बुधवार केला, वीसची जागा बाराला दिली, चांदण्याभोवती नवं वर्तुळ काढलं. समोरच्या स्टुलावर तोमी बसली होती. तीन आठवडे ती माझ्या चुकीमुळे निरपराध होती आणि आता माझ्या हाताने पुन्हा खुनी झाली. मी म्हटलं, "माफ कर गं." तिने नुसतं पाहिलं.

अकराच्या सुमाराला दार वाजलं. मिसुझु होती. रात्रपाळीवरून थेट आली होती, डोळे लाल.

"तुम्ही गप्प बसू शकला असता," ती म्हणाली.

"हो."

"एक दिवस तरी. एक दिवस मला वाटू दिलं असतं की बाबांनी काहीतरी ठेवलं होतं."

मी चहा पुढे केला, तो तिने घेतला नाही. टेबलावर दोन बाडं होती, जुनं आणि दुरुस्त केलेलं. तिने वाकून दोन्हींवर नजर टाकली.

"त्या बाईने केला होता का हो खून? खरं सांगा."

"बारा तारखेला, हो."

"आणि वीसला?"

"वीसला नव्हता केला."

"मग मला वीसचं द्या."

जुनं प्रुफ बाहेर जाऊ द्यायचं नसतं, त्या दुपारीच ते कापणीयंत्रात जायचं होतं. मी दोरा काढला, बाडाभोवती उभा-आडवा गुंडाळला, दुहेरी गाठ मारली आणि तिच्या हातात दिलं. तिने ते छातीशी धरलं, वाकून नमस्कार केला आणि निघाली.

मी दाराशी उभी राहून ऐकत होते. आमचा जिना लाकडी आहे, पाऊल न् पाऊल वाजतं. तो तिसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत वाजत गेला आणि उतरणाऱ्या दोघीजणी होत्या. मी टेबलापाशी परत आले, तोमीचं रिकामं स्टूल भिंतीशी लावलं आणि दुरुस्त प्रुफावर सही केली.