एकेचाळिसावी फाईल

मी एक जुनी फाईल आहे, मित्रांनो. पुठ्ठ्याची, पोटात लोखंडी स्प्रिंग असलेली. माझा रंग एके काळी निळा होता. आता तो कोणता म्हणावा यावर दोन माणसं सहज भांडू शकतील.

नागपूरच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. स्प्रिंग बसवणाऱ्या बाईने ती दोनदा दाबून पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, "हे बी लई पक्की आहे, कागद सोडत नाही." आयुष्यातलं माझं पहिलं कौतुक ते. पुढची आठ वर्षं दुसरं काही वाट्याला आलं नाही. पवनीच्या एका कॉलेजच्या कार्यालयात मी रजेचे अर्ज सांभाळत बसले. लग्न, ताप, भाताची रोवणी, पुन्हा ताप. शिपाई श्यामराव मला कपाटातून ओढायचे, अर्ज लावायचे आणि परत कोंबायचे. त्या आठ वर्षांत मला वाचायला म्हणून कुणी उघडलं नाही. मला त्याचं वाईट वाटायचं, उगाच का खोटं बोलू?

मग मागच्या वर्षी कॉलेजने एक यादी केली. इथे तीन वर्षं शिकून बाहेर पडणाऱ्या मुलाला काय काय आलं पाहिजे, अशा आठ गोष्टींची. नीट लिहिता-बोलता यावं, प्रश्न विचारता यावा, असं एकेक. सहावी गोष्ट होती, आपल्या परिसरातलं ज्ञान स्वतः पाहून नोंदवता यावं. या यादीला त्यांनी 'संस्थेच्या अध्ययन निष्पत्ती' असं भारदस्त नाव दिलं आणि फलक करून दारात लावला. मग प्रत्येक विषयाचा एक तक्ता आला. आपला विषय त्या आठ गोष्टींना किती हातभार लावतो, ते आकड्यात भरायचं. थोडा असेल तर एक, भरपूर असेल तर तीन. आणि तक्त्यात लिहिलेलं खरंच घडलं का, हे दाखवायला प्रत्येक मुलाने वर्षभराच्या कामाची एक फाईल ठेवायची.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मराठीला मुलं होती एकेचाळीस आणि नव्या फायली आल्या चाळीस. श्यामरावांनी माझ्या पोटातले अर्ज उपसले, मला फडक्याने पुसलं आणि शेवटच्या नंबरच्या मुलीला देऊन टाकलं. तिचं नाव प्रतिक्षा. लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीहून ती रोज एस.टी.ने यायची. बाकीच्यांच्या करकरीत फायली पाहून ती हिरमुसली असेल असं मला वाटलं, पण तिने स्प्रिंग दाबून पाहिली आणि म्हणाली, "मजबूत आहे." मित्रांनो, तेवढ्यावर मी तिची झाले.

माझ्या आतल्या बाजूला एक छापील पट्टी चिकटवलेली होती. तक्त्यांचं सगळं काम पाहणाऱ्या कैलाश सरांनीच ती सगळ्या फायलींत लावली होती: 'दोन फायलींत सारखी पानं आढळल्यास दोन्ही रद्द.' फाईल रद्द म्हणजे विषय गेला, आणि विषय गेला म्हणजे पदवी अडली.

मराठी शिकवणाऱ्या तृप्ती मॅडमनी मुलांना सांगितलं होतं की, ज्याला जमेल त्याने गावातलं एखादं काम पाहून त्यावर लिहावं. जमलं एकट्या प्रतिक्षाला. तिने गावच्या तलावाबद्दल लिहिलं. तलावातून भाताच्या खाचरांना पाणी सोडायला बांधाच्या पाळीजवळ तुडुम असतो, म्हणजे एकावर एक भोकं असलेलं दगडी बांधकाम. भोकांत लाकडी खुंट्या बसवलेल्या असतात. प्रतिक्षाने झोकात लिहिलं की सगळ्यात खालची खुंटी आधी काढतात. मॅडमनी तिथे लाल शाईने विचारलं, 'तू स्वतः पाहिलंस का?' तिने पाहिलं नव्हतं. मग ती तलावावर गेली, पाणी सोडणाऱ्या डोमा आजोबांच्या मागे चार दिवस फिरली आणि सगळं नव्याने लिहिलं. पुन्हा लाल शाई, पुन्हा लेखन. तिसऱ्या खेपेला मॅडमनी काहीच खोडलं नाही. ही सगळी पानं, चुकलेली आणि सुधारलेली, माझ्या पोटात क्रमाने लागली होती. मला पहिल्यांदाच काहीतरी सांभाळल्यासारखं वाटत होतं.

कॉलेजला दर्जा देणारी तपासणी समिती यायच्या आदल्या दुपारी कैलाश सरांनी स्टाफरूममध्ये फायलींचा ढीग मांडला. बिचाऱ्यांनी महिनाभर त्या तक्त्यांपायी जेवणाची वेळ पाळली नव्हती. मराठीचा तक्ता आणि फायली शेजारी ठेवल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. सहाव्या रकान्यात आकडा होता तीन. पुरावा मात्र एकेचाळीस फायलींत एकच, माझ्याजवळ.

"सर, मी तं तिथं एक लिवून देला होता," तृप्ती मॅडम हळूच म्हणाल्या. "तुम्ही तीन काहून केला?"

"साऱ्या विषयायनं तीन भरले, मॅडम. आपण एक भरला असता तं आपलाच विषय लंगडा दिसला असता." सरांनी घाम पुसला. "आता बोलून का होते? हिचा शेवटचा लेख झेरॉक्स करा अन् चाळीसही फायलींत लावा. अन् हे लाल शाईचे पानं काढून टाका. समितीपुढं खाडाखोड कोण ठेवते?"

मला द्यायला आलेली प्रतिक्षा अजून तिथेच उभी होती. तिने आतल्या पट्टीवर बोट ठेवलं.

"सर, हे माझं काम आहे. सारखी पानं निघाली तं माझी फाईल रद्द होईल. हे तुम्हीच लिवलं आहे."

"कोणी दोन फायली बाजूबाजूनं ठेवून वाचत नाही. कॉलेजच्या इज्जतीचा प्रश्न आहे, बाई. एक दिवस निभावून ने."

सरांनी माझी स्प्रिंग दाबली. ती हलली नाही. आठ वर्षांचा गंज आणि माझा हट्ट, दोन्ही आडवे आले. सरांनी वैतागून पानं ओढली. टर्रकन फाटली ती, आणि कचऱ्याच्या टोपलीत गेली. मला सरांचा भयंकर राग आला. तृप्ती मॅडम खिडकीकडे पाहत राहिल्या. त्या तासिका तत्त्वावर होत्या. पुढच्या वर्षी तास मिळणार की नाही, ते सरांच्या शिफारशीवर होतं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयातल्या लांब टेबलावर आम्ही एकेचाळीस जणी ओळीने पडलो होतो. समितीतल्या एका पांढऱ्या केसांच्या बाई सावकाश पुढे येत होत्या. त्यांनी अश्विन नावाच्या मुलाची फाईल घेतली. आणि दुसऱ्या हाताने मला.

दोन्ही त्यांनी शेजारी शेजारी उघडल्या. वाचताना त्यांचं बोट अश्विनच्या पानावर एका ओळीपाशी थांबलं, मग माझ्या पानावर त्याच ओळीपाशी. मला पान मिटून घ्यायचं होतं, पण फाईलला तेवढंही जमत नाही. त्यांनी तिसरी फाईल उघडली. मग चौथी. मग अश्विन आणि प्रतिक्षा, दोघांना बोलावून घेतलं. कैलाश सर आणि तृप्ती मॅडम टेबलापाशीच बसले होते.

"हा लेख कुणाचा?"

"सामूहिक प्रकल्प आहे, मॅडम," कैलाश सर घाईने म्हणाले.

बाईंनी अश्विनकडे पाहिलं. "या तुडुमाची कुठली खुंटी आधी काढतात?"

आपल्या फाईलीत लावलेलं पान अश्विनने वाचलंही नव्हतं. त्याने मान खाली घातली. "मले नाही माहीत, मॅडम. हे माझं नाही. काल लावलं."

"तुमच्याच नियमाप्रमाणे सगळ्या फायली रद्द होतात, सर," बाई म्हणाल्या. "मुळातली कोणती, ते मी कशावरून ठरवू? हाताने लिहिलेलं पान या मुलीचं आहे, पण तिनेही ते कुठून तरी उतरवलं असेल."

प्रतिक्षाने टेबलाची कड घट्ट धरली. बाई मला मिटणार, तोच त्यांचं लक्ष माझ्या स्प्रिंगकडे गेलं. तिथे कागदाच्या फाटक्या कडा अडकलेल्या होत्या, आणि त्यांवर लाल शाईची अर्धीमुर्धी अक्षरं.

"इथली पानं कुणी काढली?"

एक खुर्ची सरकली. तृप्ती मॅडम उठल्या आणि त्यांनी पर्समधून चुरगळलेली, हाताने सरळ केलेली पानं काढून टेबलावर ठेवली.

"मी टोपलीतून उचलली, मॅडम. कालच बोलायला पाहिजे होतं. भ्याले मी."

बाईंनी एकेक पान माझ्या कडेला लावून पाहिलं. प्रत्येक पान आपापल्या कडेशी बरोबर जुळलं. पहिलं पान वाचून त्या प्रतिक्षाकडे वळल्या.

"इथे तर खालची खुंटी आधी काढतात असं आहे."

"ते चूक आहे, मॅडम." प्रतिक्षा पुढे झाली. "मी घरी बसून लिवलं होतं. मॅडमनं विचारलं, पाह्यलं का? मंग गेली. डोमा आजोबा लय हासले. म्हणे, भरल्या तलावात खालची काढली तं पाण्याचा जोर आवरत नाही, खुंटी वापस बसत नाही. वरची आधी काढा लागते. पाणी उतरलं का मंग तिच्याखालची."

बाईंनी तक्ता पुढे ओढला. "सर, तुमच्या सहाव्या रकान्यातली गोष्ट शिकणं म्हणजे हेच ना? आणि हेच तुम्ही टोपलीत टाकलंत. मुलीची फाईल राहील. चाळिसांतली उसनी पानं आत्ता काढा. आणि हा तीन?"

कैलाश सरांनी पेन उचललं. मग त्यांनी तीनवर काट मारली आणि शेजारी एक लिहिला.

"हा एकही जास्तच आहे, मॅडम," ते म्हणाले.

कॉलेजला शेवटी कोणता दर्जा मिळाला, मला ठाऊक नाही. फायलींना कुणी निकाल कळवत नाही. पण समिती गेल्यावर कैलाश सर डिंक आणि कागदाच्या पट्ट्या घेऊन बसले. फाटलेल्या प्रत्येक पानाला त्यांनी नवी कड लावली, भोकं पाडली आणि प्रतिक्षाला बोलावलं.

"कोणतं आधी लावू?" त्यांनी तिच्याकडे न पाहता विचारलं.

"चुकीचं आधी, सर."

सरांनी ते आधी लावलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी, शाळेत माझ्यासारख्या फायली असतील. त्यांना कव्हर घाला, वाळवीपासून जपा, आमची तेवढीच हौस. पण आवराआवर करताना कुणी तुमचं पहिलं चुकलेलं पान मागितलं, तर देऊ नका. ते गेलं की मागे उरलेलं चांगलं पान कुणाचंही असू शकतं.