राखून ठेवलेलं नाव

फाल्गुनात हळद शिजू लागली की आमच्या अंगणातलं ऊनसुद्धा पिवळं होऊन जाई, आणि त्या उन्हात चंद्राचे हात कोपरापर्यंत पिवळे झालेले असत. ओठांत सतत काहीतरी गुणगुण, कानामागे मोगऱ्याचं फूल, आणि कुणी हाक मारली की मान किंचित कलती करून "आले, आले" म्हणणं. स्मृतीच्या संथ प्रकाशात चंद्रा मला अशीच दिसते. माझं लग्न झालं तेव्हा ही चंद्रा माझा नवरा होती. तेव्हाचं नाव मी इथे लिहीत नाही. ते तिला कधीच आवडलं नाही.

त्या लग्नात बायका "नाव घ्या, नाव घ्या" म्हणून थकल्या, पण लष्करातल्या या उंचपुऱ्या जवानाच्या तोंडून शब्द फुटेना. सारा मांडव हसला. मी मेढ्याची, डोंगरातली पोर. मला वाटलं, नवरा लाजाळू आहे. पुढे लष्कर सोडून तो सांगलीजवळच्या आपल्या कृष्णाकाठच्या गावी हळद पिकवू लागला, आणि सत्तरच्या दशकातल्या एका फाल्गुनात, हळद शिजवायच्या चुलाणाशेजारी बसून मला म्हणाला, "इंदू, मी आतनं बाईच हाय गं. लय वर्सं लपवलं, आता न्हाई हुत. तुला मेढ्याला सोडून यिऊ का?"

मी गेले. माहेरी पोटभर रडले. नवरा गमावल्याचं दुःख खरं होतं, ते मी आजही नाकारत नाही. पण पावसाळाभर त्या डोंगरी धुक्यात मला हुरहूर लागली ती त्या गुणगुणण्याची, आणि दसऱ्याच्या सुमारास मी आपल्या पायांनी परत आले. दारात लुगडं नेसून चंद्रा उभी होती. निऱ्या परेडच्या गणवेशासारख्या कडक, पदर मात्र उलट्या खांद्यावर. मला हसू आवरेना. मग तीही हसली, आणि दोन मैत्रिणींचा आमचा दुसरा संसार सुरू झाला.

गावाला मात्र कोडं पडलं. मला सवाष्ण म्हणावं तर नवरा कुठे, आणि न म्हणावं तर माणूस समोर धडधाकट हळद वाळवतंय! हळदीकुंकवाची बोलावणी गुपचूप बंद झाली. मला त्याचा फार राग आला. कुंकू माझं होतं, आणि तिच्याही कपाळी ते लागावं असं मला वाटत होतं. चैत्र आला तशी मीच घरी चैत्रगौर मांडली आणि गल्लीला बोलावणं धाडलं. कुणी आलंच नाही तर, या धास्तीनं चंद्रा सकाळपासून पन्हं ढवळत होती.

बायका आल्या. गल्लीत सगळ्यांत वडील त्या शेजारच्या बायजाकाकू. कुंकवाचा करंडा मी त्यांच्या हाती दिला. मला कुंकू लावून त्या चंद्रापुढे आल्या आणि थबकल्या. पन्ह्याचे पेले सगळ्यांच्या हातांत तसेच राहिले.

"नाव घेतल्याबिगार माज्या हातचं कुकू कुणाला मिळत न्हाई," काकू म्हणाल्या. "घे बगू."

"कुणाचं घिऊ, काकू?"

"जिच्या संगं नांदतीस, तिचं घे की!"

चंद्रानं पदर सावरला, मान कलती केली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली,

"पन्ह्यात गूळ घातला, चव बगितली चाखून,
इंदूचं नाव घेते, ठेवलं हुतं राखून!"

अंगण हसण्यानं भरून गेलं. काकूंनी तिच्या कपाळी चांगलं रुपयाएवढं कुंकू रेखलं. मी हसता हसता रडत होते.

चंद्रा जाऊन आता कैक चैत्र झाले. पन्हं अजून मीच करते. तिला आवडे म्हणून गूळ हमखास जास्त पडतो, आणि चाखताना, जिभेवर गोडवा आहे तेवढ्या वेळापुरतं, कुणीतरी माझं नाव घेत असतं.