आपली तक्रार नोंदवून घेतली आहे

एकोणीस वर्षं एकाच खुर्चीत बसून लोकांची बोलणी खायची आणि वर त्यांनाच "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत" म्हणायचं, हे काही येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे. पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात ती हे करत होती. तिचं खरं नाव पगाराच्या पावतीवर असायचं. बाकी सगळ्या इमारतीत ती तक्रारताईच. पंप बंद पडला की ताई, पंप सुरू झाला आणि थांबेना की ताई, पंप चोरीला गेला तरी ताईच. दुसऱ्याच्या चोरीला गेलेल्या पंपाबद्दल दिलगीर असणारी आणखी एखादी बाई तुमच्या पाहण्यात असेल तर मला जरूर कळवा.

मग कंपनीने तक्रारी ऐकायला यंत्र बसवलं. एक दाबा, दोन दाबा, तीन दाबा, आणि सगळं दाबून झालं की यंत्र आभार मानून फोन बंद करतं. महिन्याभरात तक्रारी निम्म्यावर आल्या. वरच्या साहेबांना बढती मिळाली आणि ताईला निरोपाचं भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ कायम चार मिनिटं मागे असतं, पण त्याची तक्रार करायची कुठे?

त्याला आता आठ महिने झाले. या आठ महिन्यांत ताईने अकरा मुलाखती दिल्या. दिल्या म्हणजे, गेली आणि आली. घोडं कुठे अडत होतं ते सांगतो.

तक्रार विभागाचे चार नियम होते. समोरचा माणूस बोलून पार रिकामा होईपर्यंत मध्ये तोंड घालायचं नाही. "मी" म्हणायचं नाही, "आम्ही" म्हणायचं. तारीख दिल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. आणि ज्याची तक्रार आहे त्याने "झालं समाधान" म्हटल्याशिवाय ती बंद करायची नाही. एकोणीस वर्षांत हे नियम बाईच्या अंगात इतके मुरले होते की घरी दूध नासलं तरी ती आधी दुधाचं ऐकून घेईल, असं नवरा म्हणायचा.

तर पहिली मुलाखत विम्याच्या कचेरीत. साहेबांनी विचारलं, स्वतःविषयी सांगा. ताई म्हणाली, आम्ही एकोणीस वर्षं तक्रार विभाग सांभाळला. साहेब म्हणाले, आम्ही म्हणजे कोण कोण? ताई गडबडली. तेवढ्यात साहेबांची खुर्ची करकरली आणि साहेब सहज म्हणाले, बघा ना, वर्ष झालं, कोणी लक्ष देत नाही. झालं! ताईने पिशवीतून वही काढली. खुर्ची कधीपासून करकरते, बसताना की उठताना, आधी कोणाला सांगितलं होतं. साहेब सुटले ते सुटलेच. खुर्चीवरून हाताखालच्या लोकांवर आले, हाताखालच्यांवरून वरच्यांवर, वरच्यांवरून सासऱ्यांवर. पंचवीस मिनिटांनी ताई उठली आणि सवयीने म्हणाली, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. पुढच्या गुरुवारी पाचच्या आत आपल्याला फोन येईल." साहेबांनी मान डोलावली. फोन कोणी कोणाला करायचा होता, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. साहेब तिला जिन्यापर्यंत सोडायला आले, खूप मोकळं वाटलं म्हणाले. चौथ्या दिवशी पत्र आलं की आपल्या अर्जाचा विचार होऊ शकला नाही.

पुढच्या दहा ठिकाणी थोड्याफार फरकाने हेच झालं. शाळेच्या कचेरीत मुख्य बाई रडल्या. रंगाच्या कारखान्यात दोन साहेब एकमेकांविरुद्ध बोलले आणि ताईने दोन वेगळ्या नोंदी केल्या. घरपोच सामान पोचवणाऱ्या कंपनीतल्या व्यवस्थापक बाईंनी तर अर्धा तास एकाच गोष्टीवर काढला: त्यांच्या गाडीच्या राखीव जागेत वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर रोज गाडी लावतात. ताईने गाडीचा रंगसुद्धा लिहून घेतला. नोकरी मात्र कोणी दिली नाही. द्यावी कशी? तिच्याविषयी कोणाला काही कळलंच नव्हतं.

आता या सगळ्यात नणंद कशी गप्प बसेल? नणंदेचं केस कापायचं दुकान होतं, तीन आरसे आणि एक पाटी. स्वभावाने वाईट नाही हो, पण दुसऱ्याला उमेद द्यायची तिला भारी हौस. रोज सकाळी ताईच्या फोनवर तिचं उगवत्या सूर्याचं चित्र यायचं आणि खाली लिहिलेलं, आज तुमचा दिवस आहे. तो दिवस सात तारखेलाही होता आणि आठ तारखेलाही. तिनेच ताईला आत्मविश्वासाच्या शिबिराला धाडलं. शिबिराला तीनच माणसं आली होती आणि शिकवणाऱ्याचा माईक शिट्ट्या मारत होता. जेवणाच्या सुट्टीत ताईने त्याला सहज विचारलं, माईकचा त्रास कधीपासून आहे? सुट्टी संपली तरी तो बोलत होता. शेवटी म्हणाला, खरं सांगू का, मला स्वतःलाच हल्ली काही जमेलसं वाटत नाही. ताईने तेही लिहून घेतलं आणि त्याला तारीख दिली.

यावर नणंदेने हात टेकले आणि नवी टूम काढली. म्हणाली, वहिनी, पुरे झाली वणवण. एक तारखेपासून माझ्या दुकानात येऊन बसा. काम काही नाही, आल्या-गेल्याशी दोन शब्द बोलायचे, तेवढंच तुमचं मन रमेल.

मन रमेल! ताईला झोंबले ते हेच दोन शब्द. नकाराची अकरा पत्रं तिने पचवली होती, पण नणंदेच्या दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवून ठेवलेली वहिनी व्हायचं म्हणजे आपण संपलो, असं तिला वाटलं. आणि खरी गोम अशी की नाही म्हणायचं तिच्या जिभेवर येईना. ती म्हणाली, "वन्सं, आम्ही कळवतो." नणंदेने ते हो समजून स्टूल विकतसुद्धा आणलं. एक तारखेला बारा दिवस उरले होते.

नवरा मोटार चालवायला शिकवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. तेवीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्याच्या उजव्या पायाला एक खोड लागली होती: धोका दिसला की पाय आपोआप ब्रेक समजून जमीन दाबायचा, मग गाडीत असो की घरात. बायकोला उपदेश करायच्या भानगडीत तो पडत नसे. पण एका रविवारी संध्याकाळी चहा घेताना त्याने टेबलावरची ती वही उचलली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागला. वाचता वाचता त्याचा पाय दाबला गेला.

"अगं, यात सगळ्यांचं आहे," तो म्हणाला. "तुझं कुठे आहे?"

ताई म्हणाली, माझं कशाला असेल, मी लिहून घेणारी. मास्तरने कोरं पान काढलं, पेन हातात घेतलं, आणि तिच्याच ठरलेल्या पद्धतीने तिला विचारायला लागला. तक्रार काय? कधीपासून? आधी कोणाला सांगितलं होतं? ताईला आधी हसू आलं. मग कधीपासून या प्रश्नावर ती अडली, आणि मग जी सुटली ती चहा पार थंड होईपर्यंत. म्हणाली, मला भीती वाटते. सकाळी साडी नेसून तयार होते आणि दाराशी पाय जड होतो. म्हणाली, लोक आपल्याशी बोलून मोकळे होतात आणि आपण तशाच भरलेल्या घरी येतो. म्हणाली, मला ते स्टूल नको आहे हो, मला काम पाहिजे, मला ते चांगलं येतं. हे सगळं बोलताना ती रडली, आणि रडताना एकदाही "आम्ही" म्हणाली नाही. मास्तर मध्ये एक शब्द बोलला नाही. त्याचं अक्षर गचाळ, पण त्याने सगळं लिहून घेतलं.

मग त्याने वहीची मागची पानं तिच्यापुढे धरली आणि विचारलं, या तारखांचं काय झालं?

ताईने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. अकरा मुलाखती, बारा नोंदी, आणि शिबिरवाला तेरावा. तेरा जणांना तिने तारखा दिल्या होत्या आणि तेराही तारखा उलटून गेल्या होत्या. एकोणीस वर्षांत तिची एक तारीख चुकली नव्हती. नोकरी गेली तेव्हा तिला वाईट वाटलं होतं. आता तिला लाज वाटली. तुम्ही म्हणाल, वेडी आहे का ही बाई, त्यांनी हिला हाकललं आणि हिला त्यांच्या खुर्च्यांची पडली आहे. असेल वेडी. पण सोमवारी सकाळी नऊ वाजता ती साडी नेसून फोनपाशी बसली, आणि पाय मुळीच जड झाला नाही.

विम्याच्या साहेबांची खुर्ची अजून करकरत होती. ताईने सांगितलं, उजव्या बाजूचा खालचा स्क्रू आवळून घ्या. ते फोन धरून वाकले आणि दोन मिनिटांनी म्हणाले, अरेच्चा! रंगाच्या कारखान्यातल्या दोघांपैकी एकाने नोकरी सोडली होती. दुसऱ्याचं समाधान झालं होतं. मुख्य बाईंनी आपण कोण म्हणून विचारलं आणि फोन ठेवला. शिबिरवाल्याने नवा माईक घेतला होता. एकेका नोंदीखाली ताई नीट शेरा लिहीत गेली. फोनागणिक तिचा आवाज जुन्या आवाजासारखा व्हायला लागला, खालच्या पट्टीतला, घाई नसलेला.

सर्वांत शेवटी सामान पोचवणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थापक बाई. मास्तर जेवायला घरी आला होता आणि दाराशी उभा होता. ताईने गाडीच्या जागेचं विचारलं. बाई म्हणाल्या, छे हो, आजही तीच कथा, आणि पुन्हा सुरू होणार, तेवढ्यात त्यांना शंका आली.

"पण तुम्ही कुठून बोलताय? कोणातर्फे?"

मास्तरचा पाय जमिनीवर घट्ट दाबला गेला.

"कोणातर्फे नाही," ताई म्हणाली. "मी बोलतेय. चार तारखेला मी तुमच्याकडे मुलाखतीला आले होते."

बाईंना आठवलं. म्हणाल्या, हो हो, तुम्ही फार छान ऐकून घेतलंत, पण तुमच्या कागदावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही उरलंच नाही. ती जागा अजून रिकामी आहे, दोन मुली आल्या आणि आठवड्यात पळाल्या, ग्राहक नुसते खायला उठतात.

जुनी ताई असती तर इथे दिलगीर झाली असती. तोंड त्यासाठी उघडलंही होतं. पण समोर वही होती, मास्तरच्या गचाळ अक्षरातलं पान उघडं होतं, आणि त्याखाली तारखेची जागा कोरी होती.

"माझी एक तक्रार आहे, लिहून घ्या," ती म्हणाली. "चार तारखेला माझी मुलाखत झालीच नाही. मला तुम्ही एकच प्रश्न विचारलात आणि त्याचं उत्तर तुम्हीच दिलंत. ती मुलाखत पुन्हा घ्या. मला तारीख पाहिजे."

पलीकडे टेबलाचा खण ओढला गेला. मग कागद चाळल्याचा आवाज आला. "गुरुवारी," बाई म्हणाल्या. "अकरा वाजता."

ताईने वेळ लिहून घेतली, आभार मानले, फोन ठेवला. मास्तरने पाय उचलला.

गुरुवारी ती गेली. कचेरीत तक्रारींसाठी तीन टेबलं होती, त्यातली दोन रिकामी, आणि तिन्हींवरचे फोन वाजत होते. स्वतःविषयी सांगा, असं बाईंनी म्हटलं मात्र, ताईने "मी" अशी सुरुवात केली आणि पुढची पंचवीस मिनिटं एकटीच बोलली. चोरीला गेलेले पंप सांगितले, शिव्या देणाऱ्या माणसाला दुसऱ्या वाक्याला कसं खाली आणायचं ते सांगितलं, एकोणीस वर्षांत तारीख न चुकल्याचं सांगितलं, आणि मग या वर्षात तेरा चुकल्याचंही सांगितलं. मध्येच खिडकीतून खाली बघून बाई म्हणाल्या, बघा, लावलीच त्यांनी आज पण.

"एक मिनिट," ताई म्हणाली. "माझं संपायचं आहे."

बाईंनी खिडकीकडे पाठ फिरवली. निघताना त्या नेहमीचं म्हणाल्या, कळवतो आम्ही. ताई खुर्चीतून उठलीच नाही. कधी, किती वाजेपर्यंत, एवढंच तिने विचारलं. शनिवार, चारच्या आत, असं वदवून घेतल्यावर मगच ती उठली.

शनिवारी महिना संपत होता. दुपारी नणंदेचा फोन आला की उद्या दहाला या, स्टुलावर गादीही घातली आहे. व्यवस्थापक बाईंचा फोन अजून आला नव्हता. चार वाजायला अर्धा तास होता, कदाचित काहीच हाती लागणार नव्हतं. तरी ती म्हणाली, "वन्सं, मी येणार नाही. तुम्ही प्रेमाने म्हणालात, पण मला करमणूक नको आहे." नणंद फुरंगटली, पण मग म्हणाली, बरं बाई, मग गादी तरी घेऊन जा. तशी मनाची चांगलीच ती.

भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा मिनिटं असताना, म्हणजे खरी सहाच उरली असताना, फोन वाजला. ताईने ऐकून घेतलं. सोमवारी नऊ वाजता, असं म्हणाली, आणि पगाराचा आकडा दोनदा विचारून लिहून घेतला.

मास्तरने वही ओढली, आपलं गचाळ पान काढलं आणि पेन उघडलं. त्याचे डोळे भरून आले होते, पण पद्धत म्हणजे पद्धत. त्याने विचारलं, "झालं समाधान? बंद करू?"

ताईने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि टोपण लावलं.

"उघडी राहू द्या," ती म्हणाली. "आधी सोमवारी बसून बघते, खुर्ची करकरते का ते."